दोन लाडावलेल्या लेकी

माझ्या मामाला जुन्या नाण्यांचं वेड आहे. दिवाळीत त्याच्याकडे गेलं की फराळाची डिश हातात पडायच्या आधी नाण्यांचा अल्बम मांडीवर पडतो. यावेळी त्याने एक चांदीचं नाणं तळहातावर ठेवलं, रुपयापेक्षा जरा लहान, आणि म्हणाला ही रेप्लिका आहे बरं का, पण याची ओरिजिनल्स दक्षिण भारतात ढिगाने सापडलीयेत. रोमचे व्यापारी मिरी न्यायला यायचे आणि चांदी-सोनं ठेवून जायचे, त्या काळातलं. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस, त्याच्या चांदीच्या नाण्यांमध्ये भारतात सगळ्यात जास्त हाच छाप मिळतो, इतका की इथल्या लोकांनी त्याच्या नकलासुद्धा पाडल्या.

एका बाजूला ऑगस्टसचं डोकं आणि भोवती लॅटिन अक्षरं, त्यात एक पदवी 'पातेर पात्रिए', म्हणजे देशाचा पिता. मागे दोन पोरं टोगा, म्हणजे रोमनांचं अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र, घालून उभी, शेजारी ढाली आणि भाले. त्यांच्याबद्दल लिहिलंय, गायस आणि लुसियस, ऑगस्टसचे पुत्र.

चकली मोडता मोडता मी सहज विचारलं, "यांची आई कोण?"

"अगं तीच तर गंमत आहे," मामा म्हणाला. "हे त्याचे मुलगे नाहीतच, नातू आहेत. मुलीची मुलं."

"मग मुलगी कुठाय?"

"मुलगी बेटावर. हे नाणं पाडायला घेतलं त्याच सुमारास तिला तिच्या बापाने हद्दपार केलं."

झालं, माझी सुट्टी त्यातच गेली. परत आल्यावरही रात्री जेवणं आवरली की फोन घेऊन बसायचे आणि ज्युलिया, ज्युलिया, ज्युलिया. नवरा म्हणाला कोण गं ही, ऑफिसातली का? म्हटलं नाही, दोन हजार वर्षं झाली जाऊन.

तर ज्युलिया. इसपू ३९ मध्ये जन्मली तेव्हा बाप अजून ऑगस्टस झाला नव्हता, ऑक्टेव्हियन होता, ज्युलियस सीझरचा दत्तक मुलगा, मार्क अँटनीशी कधी दोस्ती कधी मारामारी चाललेली. आईचं नाव स्क्रिबोनिया. आणि ज्या दिवशी पोरगी झाली त्याच दिवशी ऑक्टेव्हियनने स्क्रिबोनियाला घटस्फोट दिला, कारण त्याचं मन लिव्हियावर बसलं होतं, जी तेव्हा दुसऱ्याची बायको होती आणि वर गरोदर. स्क्रिबोनियाबद्दल त्याने नंतर लिहून ठेवलं की तिच्या वाकड्या स्वभावाला कंटाळून सोडली. अँटनीचं म्हणणं वेगळं होतं, तो म्हणायचा की त्या दुसऱ्या बाईचं प्रस्थ फार वाढलंय असं स्क्रिबोनिया उघड बोलून दाखवायची, म्हणून तिला घालवली. अँटनी काय, विरोधी पक्षाचा माणूस, पण मला त्याचंच पटतं. बायको बोलायला लागली की तिचा स्वभाव वाकडा होतो हे काही फक्त रोममध्ये होत नाही. रोमन कायद्याप्रमाणे मूल बापाचं, त्यामुळे पोरगी राहिली बापाकडे आणि लिव्हियाच्या हाताखाली वाढली.

नावाचीसुद्धा गंमत बघा. ज्युलिया हे खरं तर नावच नाही. ज्युलियस घराण्यातली मुलगी म्हणून ज्युलिया. कुलकर्ण्यांकडे मुलगी झाली आणि तिचं नाव कुलकर्णीण ठेवलं, असं. बहिणी असत्या तर त्याही ज्युलियाच, मग थोरली ज्युलिया धाकटी ज्युलिया करत बसायचं. तिच्या स्वतःच्या मुलीचं नावही ज्युलियाच पडलं, म्हणून आता इतिहासात हिला थोरली म्हणतात.

बापाने तिला सूत कातायला आणि विणायला शिकवलं. गरज नव्हती, घरात गुलामांची फौज होती, पण ऑगस्टसला दाखवायचं होतं की आमच्या घरात जुने संस्कार आहेत. तो स्वतः घरच्या बायकांनी विणलेले कपडे घालून हिंडायचा, म्हणजे चोवीस तास पीआर. घरात रोजच्या घडामोडींची वही ठेवलेली असायची, आणि मुलीने असं काही बोलायचं नाही की करायचं नाही जे त्या वहीत उघडपणे लिहिता येणार नाही, असा नियम. परक्यांशी भेटीगाठी बंद. लुसियस व्हिनिसियस नावाचा चांगल्या घरचा तरुण बाया या समुद्रकाठच्या गावी तिला नुसता नमस्कार करायला गेला, तर ऑगस्टसने त्याला पत्र लिहून सुनावलं की माझ्या मुलीला भेटायला आलास हे काही मर्यादेला धरून झालं नाही. एक नमस्कार, त्याला सम्राटाचं पत्र!

पुढची लग्नांची गोष्ट ऐकताना कागद-पेन घेऊन बसावं लागतं. दोन वर्षांची असताना तिचं लग्न अँटनीच्या मुलाशी, अँटिलसशी ठरलं, कारण तेव्हा दोन्ही बापांचं जमत होतं. मग बिनसलं, लढाई झाली, अँटनी मेला आणि इसपू ३० मध्ये ऑक्टेव्हियनने त्या अँटिलसला, म्हणजे होणाऱ्या जावयाला, मारून टाकलं. चौदाव्या वर्षी तिला सख्ख्या आतेभावाला, मार्सेलसला दिली. लग्नाच्या वेळी बाप स्पेनमध्ये आजारी, म्हणून त्याच्या जागी उभं राहून सगळं पार पाडलं त्याच्या जिगरी दोस्ताने, सेनापती अग्रिप्पाने. दोन वर्षांत मार्सेलस गेला. आता पुढे कोण? मायसेनास नावाच्या सल्लागाराने ऑगस्टसला सांगितलं म्हणे, की अग्रिप्पाला तू इतका मोठा करून ठेवलायस की आता एकतर त्याला जावई कर नाहीतर मारून टाक. जावई केला. अग्रिप्पाला त्याच्या बायकोपासून सोडवलं, ती बायको ऑगस्टसची भाची आणि मेलेल्या मार्सेलसची बहीण, म्हणजे सगळं घरातल्या घरातच. ज्युलिया अठरा वर्षांची आणि अग्रिप्पा बापाच्या वयाचा, अक्षरशः, दोघं एकाच सुमाराला जन्मलेले. ज्याने पहिल्या लग्नात बाप म्हणून उभं राहायचं काम केलं तोच दुसऱ्या लग्नात नवरा.

या लग्नाबद्दल वाईट वाटून घ्यायला जावं तर गडबड होते, कारण याच काळात ती जरा मोकळी दिसते. नवऱ्याबरोबर पूर्वेकडे गेली, ग्रीक शहरांनी तिला देवीसारखा मान दिला. एकदा रात्री ट्रॉयकडे, म्हणजे तेव्हाच्या इलियमकडे जाताना स्कामांडर नदीला पूर आला आणि ती नोकरांसकट वाहून जाता जाता वाचली. गावातलं कोणी मदतीला आलं नाही म्हणून अग्रिप्पाने गावाला एक लाख द्राख्मांचा दंड ठोकला. गावकरी म्हणतात अहो पण बाईसाहेब येणारेत हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं! शेवटी ज्यूंच्या राजाला, हेरोडला मध्ये घालून दंड माफ करून घेतला. मला या गोष्टीतला अग्रिप्पा आवडतो, घाबरलेला नवरा वाटतो.

पाच मुलं झाली. गायस, लुसियस, ज्युलिया, अग्रिप्पिना, आणि अग्रिप्पा गेल्यावर जन्मलेला पोस्टुमस. इसपू १७ मध्ये लुसियसचा जन्म झाल्या झाल्या ऑगस्टसने दोन्ही मुलगे दत्तक घेतले, आणि कसे घेतले बघा, घरात तराजू आणून, रिवाजाप्रमाणे तांब्याच्या तुकड्याने तो वाजवून, बापाकडून विकत घेतले. रीत होती ती, खरा व्यवहार नव्हे. पण मुलं विकणारा अग्रिप्पा, विकत घेणारा ऑगस्टस, तराजू मधोमध, आणि आई बहुतेक आतल्या खोलीत ओली बाळंतीण.

इसपू १३ मध्ये एक नाणं निघालं होतं, त्यावर मधोमध ज्युलियाचा छोटासा चेहरा, दोन बाजूंना दोन मुलगे आणि डोक्यावर पानांचा मुकुट. मामाच्या अल्बममध्ये ते नाही. नेटवर फोटो झूम करून पाहिला, मानेमागे अंबाडा बांधलेला, नाक सरळ, बाकी काही कळत नाही. नखाएवढी बाई.

पुढच्याच वर्षी अग्रिप्पा गेला आणि तिसरं लग्न लागलं, लिव्हियाच्या मुलाशी, टायबेरियसशी. हा सगळ्यात वाईट सौदा. टायबेरियसचं आपल्या बायकोवर मनापासून प्रेम, ती गरोदर, तिला सोडायला लावलं. नंतर एकदा रस्त्यात ती दिसली तर हा भरल्या डोळ्यांनी तिच्या मागे पाहत राहिला, त्यावर बंदोबस्त काय केला तर ती त्याच्या नजरेला परत पडणार नाही अशी व्यवस्था. असा नवरा ज्युलियाला मिळाला. अक्विलिया नावाच्या गावी ज्युलियाला एक बाळ झालं, ते तान्हेपणीच गेलं, त्यानंतर दोघं वेगळीच राहिली. इसपू ६ मध्ये टायबेरियस रोड्स बेटावर निघून गेला तो तिच्याकडे परत आलाच नाही. ज्युलिया रोममध्ये, तेहेतीस वर्षांची, नवरा असून नसलेला आणि मुलगे बापाच्या नावावर केलेले.

आणि आता मला ज्यासाठी लिहायचंय ते.

तिचं बोलणं शिल्लक राहिलंय! म्हणजे कविता नाही, पत्रं नाहीत, पण टोमणे आणि विनोद राहिलेत. मॅक्रोबियस नावाच्या लेखकाने चारशे वर्षांनंतर ते जुन्या संग्रहांतून उचलून लिहून ठेवले. चारशे वर्षं! आपल्याकडे काकूने लग्नात मारलेला टोमणा फार तर दोन पिढ्या टिकतो. तो म्हणतो ती वाचणारी होती, स्वभावाने प्रेमळ, कुणाशी क्रूर वागायची नाही, आणि लोकांना नवल वाटायचं की एवढे गुण आणि एवढे दुर्गुण एकाच बाईत कसे.

एकदा ती जरा अंगप्रदर्शन करणारे कपडे घालून बापासमोर आली. बाप बोलला काही नाही, तोंड मात्र वाकडं. दुसऱ्या दिवशी अगदी सोज्वळ वेषात आली. बाप खूश, म्हणाला ऑगस्टसच्या मुलीला हे किती शोभतं! ती म्हणाली, आज बापाच्या डोळ्यांसाठी नटलेय, काल नवऱ्याच्या डोळ्यांसाठी नटले होते. आता यावर काय बोलणार? पतिव्रताच तर आहे की.

केस लवकर पिकायला लागले तेव्हा दासींकडून पांढरे केस उपटून घ्यायची. बाप न सांगता आला, दासींच्या कपड्यांवर पांढरे केस दिसले, पण दिसलंच नाही असं दाखवलं. इकडचं तिकडचं बोलत बोलत वयावर आला आणि विचारलं, काही वर्षांनी तुला पांढऱ्या केसांची व्हायला आवडेल की टकली? ती म्हणाली पांढऱ्या केसांची. मग या बायकांना तुला टकली करायची एवढी घाई का झालीये? इथे बाप जिंकला. हा प्रसंग मला फार आवडतो कारण यात सम्राट वगैरे कोणी नाही, नुसते बाप आणि लेक आहेत, दोघांची जीभ सारखीच तिखट, आणि एकमेकांवर जीव आहे हे उघड दिसतं. मीपण केस रंगवते, आणि माझ्या वडिलांनी पहिल्यांदा पांढरी बट पाहिली तेव्हा ते फक्त "अरेच्चा" म्हणाले होते.

ग्लॅडिएटरांच्या खेळाला लिव्हिया प्रौढ, वजनदार मंडळी घेऊन बसलेली, आणि ज्युलियाच्या भोवती पोरंसोरं, चैनी तरुणांचा घोळका. बापाने चिठ्ठी पाठवली, बघ जरा, दोघींमध्ये किती फरक दिसतो. उत्तर आलं, माझ्याबरोबर हेही म्हातारे होतील की. कोणीतरी गंभीर माणसाने समजावलं की बाई गं, वडिलांसारखी साधी राहा, तर म्हणे, ते विसरतात ते सीझर आहेत, मी विसरत नाही मी सीझरची मुलगी आहे. आणि सगळ्यात चावट, जे आजीसमोर वाचता येणार नाही. लोकांनी विचारलं तुझ्या एवढ्या भानगडी असून सगळी मुलं अग्रिप्पासारखीच कशी दिसतात? तर म्हणाली, जहाज भरल्याशिवाय मी प्रवासी घेत नाही. समजायला दोन सेकंद लागतात, मग फोन उलटा ठेवून हसावं लागतं.

बाप मित्रांमध्ये म्हणायचा, माझ्या दोन लाडावलेल्या लेकी आहेत, दोघींचं सगळं सोसावं लागतं, एक रिपब्लिक, म्हणजे रोमचं लोकराज्य, आणि दुसरी ज्युलिया. आता रिपब्लिकचं त्याने काय केलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. नाव तेवढं ठेवलं आणि किल्ल्या आपल्या कमरेला लावल्या. त्यामुळे हा विनोद ऐकून ज्युलियाने जरा सावध व्हायला हवं होतं, असं मला उगाच वाटतं.

इसपू २ च्या ५ फेब्रुवारीला सिनेटने ऑगस्टसला देशाचा पिता ही पदवी दिली. त्याच वर्षी त्याने मुलीला हद्दपार केलं. स्वतः सिनेटसमोर गेला नाही, पत्र लिहिलं आणि ते दुसऱ्याकडून वाचवून घेतलं. मुलगी कुणाकुणाबरोबर होती, रात्री फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, काय काय चालायचं, सगळं. ज्या व्यासपीठावरून बापाने व्यभिचाराविरुद्धचा कायदा मांडला होता त्याच व्यासपीठावर म्हणे हिची थेरं. तो कायदा इसपू १८ चा, आणि नाव काय, तर लेक्स ज्युलिया. म्हणजे घराण्याचं नाव कायद्यालाही आणि मुलीलाही. ऑगस्टसच्या स्वतःच्या भानगडी त्याचे मित्रसुद्धा नाकारत नव्हते, फक्त म्हणायचे की तो हे शत्रूंच्या बायकांकडून शत्रूंचे बेत काढून घ्यायला करतो. हे वाचून मी मोठ्याने हसले.

तिच्याबरोबर ज्यांची नावं आली त्यात मुख्य युलस अँटोनियस, मार्क अँटनीचा मुलगा, म्हणजे ज्या अँटिलसशी तिचं दुसऱ्या वर्षी लग्न ठरलं होतं त्याचा सख्खा भाऊ. त्याचा जीव गेला, बाकीचे हद्दपार झाले. म्हणून बऱ्याच अभ्यासकांना वाटतं हे नुसतं लफडं नव्हतं, सत्तेचं काहीतरी शिजत होतं. मला दोन्ही खरं वाटतं. पण सिनेटमध्ये वाचायला बापाने निवडलं ते लफडं. मुलीच्या बाबतीत लोकांना ते पटवून द्यायला पुरावे कमी लागतात. टायबेरियसच्या नावाने घटस्फोटही बापानेच पाठवला, आणि गंमत म्हणजे त्या नकोशा नवऱ्यानेच रोड्सवरून पत्रांमागून पत्रं लिहिली की बापाने मुलीशी जरा मवाळ वागावं. फीबी नावाची ज्युलियाची एक मुक्त केलेली दासी होती, तिने त्याच सुमारास गळफास घेतला, तर ऑगस्टस म्हणाला, मी फीबीचा बाप असतो तर बरं झालं असतं.

बेटाचं नाव पांदातेरिया, आजचं इटलीतलं व्हेंटोटेने. मॅपवर पाहिलं, जेमतेम तीन किलोमीटर लांब, निमुळतं. एका टोकाला तिच्या वाड्याचे अवशेष आहेत, आजही लोक त्याला ज्युलियाचा व्हिला म्हणतात, आणि पावसाचं पाणी साठवायची रोमन टाकी आहेत. वाडा होता, कोठडी नव्हती, पण दारू बंद, चैन बंद. आणि बेटावर कोणताही पुरुष, मग तो गुलाम का असेना, ऑगस्टसच्या परवानगीशिवाय यायचा नाही. परवानगी मागताना कळवायचं काय, तर त्याचं वय, उंची, रंग, आणि अंगावर कुठे खुणा किंवा वण आहेत का. मी हे वाक्य तीनदा वाचलं. साम्राज्य सांभाळणारा साठीचा माणूस बसून वाचतोय, की पाणक्याच्या डाव्या खांद्यावर तीळ आहे का.

रोमच्या लोकांना ती आवडायची. तिला परत आणा म्हणून मागे लागले, तर ऑगस्टस म्हणाला आग आणि पाणी एकत्र होईल पण ती परत येणार नाही. लोकांनी पेटत्या मशाली टायबर नदीत फेकल्या! पाच वर्षांनी तिला बेटावरून हलवून इटलीच्या टोकाला रेगियमला आणलं, एवढंच. तोवर नाण्यावरचे दोघेही जवळजवळ संपले, लुसियस इस २ मध्ये मार्सेयला वारला आणि गायस इस ४ मध्ये लिसियात, आजच्या तुर्कस्तानात. इकडे नाणी मात्र जहाजांत भरून मिरीच्या देशाला येतच राहिली. इस ८ मध्ये धाकटी ज्युलियासुद्धा अशाच आरोपाखाली बेटावर गेली. लेकीचा, नातीचा आणि पोस्टुमसचा विषय निघाला की ऑगस्टस कण्हायचा आणि त्यांना आपली तीन गळवं म्हणायचा. स्वतःच्या समाधीत लेकीची राख ठेवायची नाही असं मृत्युपत्रात लिहून इस १४ च्या ऑगस्टमध्ये गेला. टायबेरियस गादीवर आला, आता तो मवाळ वगैरे राहिला नव्हता, तिला एका घरात कोंडली, खर्चाचे पैसे बंद केले, आणि त्याच वर्षी ती हळूहळू उपासमारीने मेली. ५२ वर्षांची होती.

तुर्कस्तानात एफेससच्या अवशेषांत लायब्ररीला लागून एक तीन कमानींचा दरवाजा आहे. माझेयस आणि मिथ्रिडेटिस या दोन मुक्त केलेल्या गुलामांनी आपल्या जुन्या मालकांसाठी बांधलेला, तिच्या हद्दपारीच्या जेमतेम एक-दोन वर्षं आधी. त्यावर ऑगस्टस, लिव्हिया, अग्रिप्पा आणि ज्युलिया, सीझर ऑगस्टसची मुलगी, अशी नावं कोरलीयेत. पुढे एवढं सगळं घडूनही ते नाव कोणी खरवडलं नाही. मी टूरचे फोटो टाकणाऱ्यांच्या अल्बममध्ये ते शोधलं, दोन सेल्फींच्या मागे सापडलं.

बेटावर तिच्याबरोबर एक बाई गेली होती हे सांगायचं राहिलंच. कोणी पाठवली नव्हती, आपणहून गेली. स्क्रिबोनिया. जन्माच्या दिवशी जिला घराबाहेर काढलं ती आई, आता पासष्टीच्या पुढची, मुलीबरोबर तीन किलोमीटरच्या त्या बेटावर जाऊन राहिली आणि मग रेगियमलाही गेली. सदतीस वर्षांनी दोघी एका छपराखाली. काय बोलत असतील हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, तिथे वही ठेवणारं कोणी नव्हतं.

स्क्रिबोनिया मुलीच्या मागे जगली. इस १६ मध्ये तिच्या माहेरचा एक नातू, लिबो, टायबेरियसविरुद्ध कट केल्याच्या आरोपात सापडला. मरण ठरलेलंच होतं, तो विचारत होता की मीच जीव देऊ का. तेव्हा ही म्हातारी, ऐंशीच्या घरातली, त्याला म्हणाली, "दुसऱ्याचं काम तू कशाला करतोस?"